छप्पर घेण्याआधी

‘ताई, हार्डटॉप मिळतोय. अडीच हजार डॉलर म्हणतोय. घेऊन टाकू का?’

ऑक्टोबर लागला की असे फोन सुरू होतात. डेट्रॉईटच्या आसपास गाड्यांच्या धंद्यात नोकरी करणारी पुण्या-चिंचवडकडची मंडळी बरीच आहेत आणि त्यांतल्या काहींना कधी ना कधी जुनी माझदा मिआटा घेण्याची हौस येते. माझ्याकडे पहिल्या पिढीची लाल मिआटा बऱ्याच वर्षांपासून आहे. तिच्यासाठी मी हार्डटॉप घेतला, वापरला आणि पुढे विकलाही, हे ओळखीतल्या सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणून फोन मला येतो. मी आधी एकच विचारते: मे ते ऑक्टोबर तो ठेवणार कुठे? समोरून लगेच उत्तर आलं नाही, तर आज पैसे देऊ नका म्हणून सांगते.

ज्यांना ही गाडी माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं. १९८९ च्या फेब्रुवारीत माझदाने ती शिकागोच्या ऑटो शोमध्ये लोकांपुढे आणली. दोनच माणसांची, मागच्या चाकांवर चालणारी, वजनाला टनाच्या आतबाहेर. वर व्हायनिलचं घडीचं छप्पर, म्हणजे सॉफ्टटॉप. सिग्नलला थांबलं, ऊन पडलेलं दिसलं, पुढचे दोन खटके सोडले, मागच्या प्लास्टिकच्या काचेची चेन उघडली आणि बसल्या जागेवरून हाताने छप्पर मागे टाकलं, की झालं. या गाडीचा जीव या सोयीत आहे असं मी मानते. एप्रिल २०१६ मध्ये हिरोशिमाच्या कारखान्यातून दहा लाखावी गाडी बाहेर पडली, त्यामागे हा साधेपणा मोठा आहे.

हार्डटॉप म्हणजे याच गाडीवर वरून बसवायचं फायबरचं एकसंध टणक छप्पर. वजन साधारण २० किलो. पुढे समोरच्या काचेच्या चौकटीवर दोन खटके, बाजूंना दारांच्या मागे एकेक, आणि मागची पकड डिकीच्या पुढच्या अंगाला असलेल्या दोन बोल्टांपाशी. त्या बोल्टांना मिआटावाले फ्रँकेन्स्टाइन बोल्ट म्हणतात. पहिल्या पिढीचा, म्हणजे १९९७ पर्यंतच्या गाडीचा हार्डटॉप १९९८ ते २००५ च्या दुसऱ्या पिढीवर बसतो आणि दुसऱ्याचा पहिल्यावरही. कंपनीचे नवे आता मिळत नाहीत, बाजारात फिरतात ते जुनेच. रेसिंगवालेही तेच शोधत असतात, त्यामुळे दोन-तीन हजार डॉलर मागितले तर आश्चर्य वाटून घेऊ नये.

त्याचे गुण खरे आहेत आणि ते आधी सांगायला हवेत. हायवेवर गाडी एकदम शांत होते, शेजारच्याशी आवाज न चढवता बोलता येतं. मागे खरी रुंद काच येते आणि जुन्या धुरकट प्लास्टिकमधून पाहणाऱ्याला मागचं जग नव्याने दिसतं. रस्त्यावर लावलेल्या गाडीचं छप्पर कुणी चाकूने फाडेल ही धास्ती जाते. दिसतेही देखणी. हे सगळं मी उपभोगलं आहे.

आता जागेचं. डेट्रॉईटजवळ नोव्हायला आमच्या घराचं गॅरेज दोन गाड्यांचं आहे आणि तरीही हार्डटॉप तिथे उन्हाळाभर अडचण होऊन राहिला. तो सपाट नाही, कपाटासारखा भिंतीला चिकटत नाही. जमिनीवर ठेवला तर कडांचं रबर दबतं, उभा ठेवला तर सगळा भार एका कडेवर येतो आणि काचेकडे कुणाचा तरी पाय जातो. मग चाकांची घोडी घ्या, नाहीतर छताला कप्पी आणि पट्टे लावून वर टांगा. टांगायचं तर पट्टे छताच्या पातळ फळीत नाही, वरच्या मुख्य लाकडी तुळयांत अडकवावे लागतात. गॅरेजचं दार उघडताना वर सरकतं, त्याच्या वाटेत हार्डटॉप येता कामा नये हेही मोजून घ्यावं लागतं. अपार्टमेंटमध्ये राहणाऱ्याने मित्राच्या तळघरात ठेवायचं ठरवलं, तर ‘जरा गार झालं तर लावू’ हा बेत संपला असं समजा.

जागेनंतर प्रश्न दुसऱ्या दोन हातांचा. वीस किलो उचलणं कठीण नाही, पण ही वस्तू गाडीइतकी रुंद आहे. दोन माणसांनी दोन बाजूंना उभं राहून सरळ वर उचलायची, समोरच्या काचेच्या चौकटीवरून पार न्यायची आणि एकाच वेळी टेकवायची. एक बाजू जराशी आधी उतरली, तरी मागच्या पत्र्यावर ओरखडा उठतो. वारा असेल तर त्या दिवशी हात लावू नये. आमच्याकडे मी आणि माझा मुलगा हे काम सराईतपणे करायचो. तो कॉलेजला दुसऱ्या राज्यात गेला, नवऱ्याच्या कमरेचं दुखणं जुनं, आणि शेजाऱ्याला दरवेळी हाक मारणं मला जमेना. कप्पी बसवली की एकट्याने होतं असं सांगणारे भेटतील. होतं, पण गाडी त्या कप्पीच्या नेमक्या खाली उभी करून, सावकाश, अर्धा तास हाताशी ठेवून. सहज म्हणून नाही.

म्हणून हार्डटॉप ऋतूचा असतो, दिवसाचा नव्हे. मिशिगनमध्ये एप्रिलअखेरीस अचानक एखादी दुपार उघडी-निरभ्र मिळते, लेक मिशिगनच्या काठचा एम-२२ रस्ता डोळ्यांपुढे येतो, आणि छप्पर गाडीला घट्ट बसलेलं असतं. हे ज्याला चालेल त्यानेच पुढे वाचावं.

हार्डटॉप लावला की खाली सॉफ्टटॉप घडी होऊन तसाच राहतो. पहिल्या पिढीत त्याची मागची काच प्लास्टिकची. ती महिनोन्‌महिने घडीत दबली आणि वर थंडी पडली, की कडक होते. माझ्या गाडीत वसंतात छप्पर उलगडलं तेव्हा काचेवर घडीच्या जागी पांढरी रेघ होती, आणि पुढच्या हिवाळ्यात ती तिथेच तडकली. लोक हार्डटॉप घेतात सॉफ्टटॉप वाचवायला, आणि तो न वापरताच खराब होतो. चेन उघडून काच सपाट ठेवा, घडीच्या मध्ये जाड मऊ पंचा घाला, आणि हात गारठतील अशा हवेत छप्पर उलगडायला जाऊच नका. काही जण सॉफ्टटॉप सांगाड्यासकट काढून ठेवतात. रेसिंगसाठी ते ठीक. रोजच्या गाडीत मात्र उन्हाळ्यातली पहिली वादळी सर येते आणि डोक्यावर काहीच नसतं.

पाण्याचा विषय जरा सविस्तर सांगते, कारण इथेच मिआटा मरतात. दोन्ही सीटांच्या मागे, छपराच्या कडेला एक पन्हळ असते. छपरावरून आलेलं पाणी तिच्यात उतरतं आणि दोन्ही कोपऱ्यांतल्या नळ्यांतून मागच्या चाकांच्या पुढे, गाडीखाली गळतं. झाडाखाली लावलेल्या गाडीत पानांचा चुरा आणि माती त्या नळ्यांत बसते. नळी तुंबली की पाणी सीटमागे साचतं, गालिच्याखाली जातं आणि दाराच्या खाली असलेल्या पोकळ पत्र्यात शिरतं. तिथे गंज आतून लागतो. बाहेरून रंगाला फोड दिसेपर्यंत आतला पत्रा गेलेला असतो.

माझ्या गाडीत हार्डटॉप लावल्यावरही कुबट वास येत होता. ज्याने तो बसवून दिला त्याने कडेचं रबर बदललं, पैसे घेतले, वास तसाच. शेवटी मी तांब्याभर पाणी एका कोपऱ्यातल्या नळीपाशी हळूहळू ओतलं आणि खाली वाकून पाहिलं. थेंबही पडला नाही. टणक छपराच्या मागच्या रबराखालून झिरपणारं थोडंसं पाणीही त्याच पन्हळीत जातं, हे कुणी सांगितलं नव्हतं. ही परीक्षा वर्षातून दोनदा करा, हार्डटॉप असो वा नसो. नळी साफ करताना टोकदार तार घालू नका. खाली झडप असते, ती फाटते. गवत कापायच्या यंत्राची प्लास्टिकची दोरी त्याला उत्तम.

आणि मीठ. डेट्रॉईट शहराच्या पोटात, तीनशे मीटरहून खोल, मिठाची खाण आहे, आणि हिवाळ्यात रस्ते उघडे ठेवायला इथे मीठ सढळ हाताने पडतं. हार्डटॉप घेतला की माणसाला वाटतं, आता गाडी थंडीतही चालवू. चालते. पण त्या प्रत्येक फेरीत मिठाचं पाणी खालच्या त्याच पत्र्याला लागतं, जो आधीच नाजूक आहे. तीस वर्षं टिकलेली गाडी काही हिवाळ्यांत संपवायची असेल तर याहून खात्रीचा मार्ग नाही. मिशिगन, ओहायो, न्यूयॉर्ककडच्यांना मी स्पष्ट सांगते: हिवाळ्यासाठी हार्डटॉप घेऊ नका, हिवाळ्यासाठी दुसरी स्वस्त गाडी घ्या, आणि मिआटा बॅटरीला चार्जर लावून गॅरेजमध्ये झाकून ठेवा.

मग घ्यावा कुणी? सिएटल-पोर्टलंडकडे राहणाऱ्याने, जिथे हिवाळाभर पाऊस असतो पण मीठ फारसं नसतं. ॲरिझोनात राहणाऱ्याने, जिथलं ऊन व्हायनिल भाजून काढतं आणि उन्हाळ्यात गाडी उघडी चालवण्याची इच्छाच होत नाही. रोज लांबचा हायवे असणाऱ्याने. पण ज्याला बाराही महिने बंद छप्परच हवं आहे, त्याने तिसऱ्या पिढीतली बटणावर उघडणाऱ्या टणक छपराची मिआटा पाहावी. ते छप्पर १२ सेकंदांत सीटमागे जातं आणि गॅरेजची भिंत मोकळी राहते. सॉफ्टटॉप फाटला म्हणून हार्डटॉप शोधणाऱ्याला तर मी थांबवतेच. आधी सॉफ्टटॉप बदला. हार्डटॉपच्या किमतीपेक्षा बऱ्याच कमी पैशात तो होतो, आणि बदलताना काचेचा घेतला तर मागचं दिसण्याचा प्रश्नही मिटतो. नव्या सॉफ्टटॉपचा एक हिवाळा काढा. निम्म्या लोकांना पुढे हार्डटॉपची गरजच वाटणार नाही, असं माझं मत आहे.

एक गैरसमज धोक्याचा आहे. टणक दिसतं म्हणून हे छप्पर गाडी उलटल्यावर डोकं वाचवेल असं मानू नका. ते फायबर आहे, ते काम रोलबारचं आहे. ट्रॅकवर जायचं असेल तर पैसे आधी तिकडे.

हे सगळं तपासूनही घ्यायचाच असेल, तर आपली मिआटा घेऊनच विक्रेत्याकडे जा. हार्डटॉप पार्सलने मागवणं महाग आणि काचेला जोखमीचं, आणि फोटोत फट दिसत नाही. निघण्याआधी आपल्या गाडीत दारांमागच्या पकडी आहेत का ते बघा. पुष्कळ गाड्यांत त्या मुळातच लावलेल्या नसतात. त्या नसताना नुसत्या पुढच्या खटक्यांवर हायवेला निघालात, तर छप्पर उडू शकतं. विक्रेत्याकडे आधी खटक्यांच्या जागी फायबरला केसासारख्या चिरा आहेत का पाहा, मग रबर चिमटीत दाबून बघा. सुकलेलं रबर चुरतं. मागची काच गरम करणाऱ्या तारा प्रत्येक हार्डटॉपला नसतात, आणि असल्या तरी आपल्या गाडीत त्यांची वायर आलेली असतेच असं नाही. ‘रंग तोच आहे’ हे ऐकून समाधान मानू नका. जुना लाल उन्हात फिका पडून गुलाबीकडे झुकतो, आणि दोन वेगळ्या गाड्यांचे लाल एकमेकांशेजारी डोळ्यांना खुपतात. पुन्हा रंगवण्याचा खर्च धरूनच किंमत करा. कंपनीचा नसलेला, पातळ फायबरचा आणि प्लास्टिकच्या काचेचा स्वस्त हार्डटॉप मी दोन ओळखीच्यांच्या गाड्यांवर पाहिला. दोन्हीकडे काच पुसून पुसून ओरखडली आणि बाजूच्या काचा वरच्या रबराला नीट टेकल्या नाहीत.

हार्डटॉप चोरीलाही जातात. दाराची काच फोडून आतून खटके सोडले की दोन माणसं तो उचलून नेतात, म्हणून बाजूच्या खटक्यांना कुलपाचे बोल्ट लावा. गॅरेजमध्ये टांगलेला असताना तो गाडीच्या विम्यात बसतो की घराच्या, हे एजंटकडून लेखी घ्या. किमती पडलेल्या नाहीत हे मात्र खरं. माझा मी घेतला तेवढ्याच्या आसपास विकला, त्यामुळे पैसा अडकतो, बुडत नाही.

आणि शोधायचाच असेल तर ऑक्टोबरात नको. जूनमध्ये शोधा, विकणाऱ्याच्या गॅरेजमध्ये तो पायात येत असतो तेव्हा. जुनी चादर बरोबर न्या, उचलताना मागच्या पत्र्यावर पसरा. तिथेच बसवून घ्या, बाजूच्या काचा वरखाली करून बघा. पुढच्या खटक्यांचे आकडे पिळून कमी-जास्त करता येतात. छप्पर करकरलं तर अर्धा फेरा आवळा, पण जोर लावून मिटवावा लागेल इतका नको. परतताना आधी गावातल्या रस्त्याने चला, काही मैलांवर थांबून सगळे खटके हाताने पुन्हा दाबून बघा, आणि मगच हायवेला लागा.