मुळाला धक्का न लावता

रंगमंच एकच असतो. पडदे आणि पात्रे बदलली, की त्यावर दुसरे नाटक उभे राहते. संगणकावरील खेळांतही खेळाडूंना असा बदल करता येतो. त्यास ‘मॉडिंग’ म्हणतात.

१९९२ साली अमेरिकेतील इड सॉफ्टवेअर या कंपनीचा ‘वुल्फेन्स्टाइन थ्री-डी’ हा खेळ प्रसिद्ध झाला. त्यात फेरफार करू पाहणाऱ्या हौशी खेळाडूंना मूळ फाइलीच बदलाव्या लागत. नवे आले, की जुने नाहीसे होई. ही अडचण कंपनीचे आज्ञावलीकार जॉन कारमॅक यांनी हेरली. डिसेंबर १९९३ मध्ये आलेल्या ‘डूम’ या खेळात त्यांनी खेळ चालविणारी आज्ञावली निराळी ठेवली आणि नकाशे, चित्रे व ध्वनी ‘वॅड’ नावाच्या वेगळ्या फाइलीत साठविले. खेळाडूने आपली लहानशी वॅड फाइल जोडली, की तिच्यातील नकाशा दिसे. ती काढली, की मूळ खेळ जसाच्या तसा हजर!

नकाशे रचण्याचे साधन मात्र खेळासोबत मिळाले नव्हते. ते हौशी मंडळींनीच घडविले. जानेवारी १९९४ मध्ये ‘डूम एडिटिंग युटिलिटी’ हे साधन सर्वांना उपलब्ध झाले. त्यात प्रथम बिंदू मांडावयाचे, ते रेषांनी जोडावयाचे आणि रेषांनी वेढलेल्या प्रत्येक भागाची जमीन व छत किती उंचीवर असावे, हे ठरवावयाचे. एखादी आकृती अपुरी राहिली, तर खेळात तेथील देखावा विस्कटलेला दिसे. मग रचनाकार पुन्हा आपल्या रेषांकडे वळे.

खेळाचा पहिला भाग विनामूल्य होता. त्यालाच नवे नकाशे जोडता आले असते, तर उरलेला खेळ विकत कोण घेणार? म्हणून नवे नकाशे विकत घेतलेल्या खेळावरच चालावेत, अशी इच्छा कंपनीने व्यक्त केली. साधन घडविणाऱ्यांनी तिचा मान राखला.

१९९७ साली डूमची मूळ आज्ञावलीही खुली करण्यात आली. तीस वर्षे उलटून गेली, तरी त्याचे नवे नकाशे आजही रचले जातात. निर्मात्याने दार उघडे ठेवले आणि आत येणाऱ्यांनी घराची मर्यादा पाळली. म्हणूनच हा खेळ जुना होऊनही ताजा राहिला.

स्वाध्याय
१. वॅड फाइलीमुळे कोणती अडचण दूर झाली?
२. नवे नकाशे विनामूल्य भागावर चालू नयेत, असे कंपनीस का वाटले?
३. ‘घराची मर्यादा पाळणे’ याचा अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा.