खाडीचे पाणी आणि तिथीचे गणित

उपनगरांत राहणाऱ्या आपणांपैकी पुष्कळांना नदी आठवते ती पावसाळ्यातच. दहिसर, पोईसर, ओशिवरा आणि मिठी या नद्या आपल्या दाराशी वाहतात. परंतु होडी घालण्याजोगे संथ पाणी मिळते ते त्यांच्या मुखाशी, खाडीत. बोरिवलीजवळची गोराई-मनोरीची खाडी हे त्याचे उदाहरण. तेथे वल्हवायला जाण्यापूर्वी पाण्याची पातळी कशी पाहावी, याचा येथे विचार करू.

डोंगरी नदीची पातळी वरून येणाऱ्या पाण्यावर ठरते. कोलाडजवळच्या कुंडलिकेत होड्या चालतात त्या भिरा येथील वीजनिर्मितीनंतर सोडलेल्या पाण्यावर. खाडीची पातळी मात्र मुख्यतः चंद्र ठरवितो. म्हणून किनाऱ्यावरील लोकांचे जुने गणित असे : तिथीची पाऊणपट करावी, म्हणजे पूर्ण भरतीची वेळ मिळते. पंचमीला पाचाची पाऊणपट पावणेचार. म्हणून पहाटे आणि दुपारी पावणेचारच्या सुमारास भरती. अष्टमीला सहा वाजता. त्यानंतर सहा तासांनी पूर्ण ओहोटी.

या गणिताचे कारण सोपे आहे. मुंबईत अमावास्या-पौर्णिमेस भरती बाराच्या आसपास येते व पंधरा तिथींत ती बारा तास पुढे सरकते. म्हणजे तिथीमागे ४८ मिनिटे. तोंडी हिशेबाच्या सोयीसाठी ४५ मिनिटे धरली, त्यामुळे पंधरवड्याच्या अखेरीस पाऊण तासाचा फरक पडतो. पौर्णिमेचे उत्तर सव्वाअकरा येते, भरती मात्र बाराच्या सुमारास. म्हणून पंचांगावरून अंदाज बांधावा आणि भरती-ओहोटीच्या छापील कोष्टकावरून तो तपासावा.

कोष्टकात वेळेबरोबर उंचीही दिलेली असते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण येते व भरती-ओहोटीतील फरक मोठा असतो. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती, फरक कमी. शिवाय पाणी सहा तासांत सारख्या वेगाने उतरत नाही. एकूण उताराचे बारा भाग केले, तर तासागणिक साधारणपणे १, २, ३, ३, २, १ असे भाग उतरतात. फरक ४ मीटर असेल तर पहिल्या तासात जेमतेम ३३ सेंटिमीटर, पण तिसऱ्या व चौथ्या तासांत मिळून २ मीटर पाणी जाते. ओढ तेव्हाच सर्वांत अधिक असते आणि ती समुद्राकडे असते. उशीर करणाऱ्याची होडी तिवरांमधील चिखलावर बसते. त्या चिखलातून चालत काठ गाठणे अशक्यप्राय. पुढच्या भरतीची वाट पाहणेच हाती उरते.

तेव्हा नवख्याने भांगाचा दिवस निवडावा, भरतीच्या शेवटच्या दीड तासात खाडीच्या आतल्या बाजूस जावे आणि पाणी थबकताच परत फिरावे.

पावसाळ्यात हे गणित पुरत नाही. विहार तलाव ८०.१२ मीटरला भरून वाहू लागला की ते पाणी मिठीत उतरते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्यातच दुपारची भरती आली आणि नद्यांना समुद्रात शिरायला वाट उरली नाही. महानगरपालिका साडेचार मीटरवरील भरतीचे दिवस आधी जाहीर करते ते याच कारणाने. त्या ऋतूत होडी काठावरच ठेवावी.

पाऊस सरल्यावर मात्र एखाद्या पौर्णिमेस दुपारी बाराला गोराईच्या धक्क्यावर उभे राहून वाचकांनी हे गणित स्वतः पडताळून पाहावे.