लाकडी डेकचा सांगाडा : नियोजन वरून खाली, बांधकाम खालून वर



घरामागच्या अंगणात लाकडी डेक करायचा म्हटलं की आपण आधी वरच्या फळ्या बघतो. साग घ्यायचा की दुसरं काही, पॉलिश कोणतं, रंग कसा? पण डेक उभा राहतो तो खालच्या सांगाड्यावर. फळी खराब झाली तर एक दिवसात बदलता येते. सांगाडा चुकला तर सगळं उकलावं लागतं, आणि तो कुजला तर माणसं पडतात.

आजच्या पाठात आपण हा सांगाडा कागदावर कसा आखायचा ते पाहू. उदाहरण म्हणून कोकणातलं एक घर धरू. घराचं जोतं जमिनीपासून ३ फूट, मागे थोडा उतार, आणि १२ × १० फुटांचा डेक. १२ फुटांची बाजू भिंतीलगत आहे.

१) सांगाड्याचे भाग

जुन्या वाड्यातला कडीपाट तुम्ही पाहिला असेल. डेकची रचना तशीच असते.

- पाट : वरच्या फळ्या. यांवर आपण चालतो.
- कडी : पाटांना आडवी जाणारी, जवळजवळ बसवलेली लाकडं.
- तुळई : कड्यांना खालून पेलणारं जाड लाकूड.
- खांब : तुळईचा भार खाली नेणारा.
- तळखडा व पाया : खांबाचा भार जमिनीत पसरवणारा.

भार याच क्रमाने खाली जातो. म्हणून आखणीही याच क्रमाने, वरून खाली करायची. बांधताना मात्र पायापासून सुरुवात. हा मुद्दा लक्षात राहिला तर अर्धा पाठ झालाच समजा!

२) भार किती धरायचा?

भारतीय मानक आयएस ८७५ च्या दुसऱ्या भागात घराच्या बाल्कनीसाठी दर चौरस मीटरला किमान ३ किलोन्यूटन, म्हणजे साधारण ३०० किलो भार धरायला सांगितलं आहे. हे जास्त वाटतं ना? पण गणपतीत किंवा वाढदिवसाला फोटोसाठी सगळे एका कोपऱ्यात दाटीने उभे राहतात, तेव्हा एका चौरस मीटरमध्ये चार-पाच मोठी माणसं सहज असतात.

लाकडाचं स्वतःचं वजन ५० किलो धरू. एकूण ३५० किलो. आपला डेक १२० चौरस फूट, म्हणजे सुमारे ११ चौरस मीटर. एकूण भार ३,९०० किलोच्या आसपास, जवळजवळ चार टन.

३) पाट आणि कड्या

एक इंच जाडीचा पाट दोन कड्यांमध्ये लवू नये म्हणून कड्यांचं अंतर १६ इंच ठेवू. १२ फूट म्हणजे १४४ इंच. १४४ ÷ १६ = ९ गाळे, म्हणून कड्या १०. (गाळ्यांपेक्षा कडी एक जास्त, हे विसरलं की लाकूड हमखास कमी पडतं.)

आता एक प्रयोग करा. प्लास्टिकची पट्टी टेबलाच्या कडेबाहेर आडवी धरा आणि टोक दाबा. लगेच वाकते. तीच पट्टी कडेवर उभी धरून दाबा. वाकत नाही! लाकूड तेवढंच, पण उंची महत्त्वाची. २ × ६ इंचाची कडी आडवी टाकण्याऐवजी उभी ठेवली तर तिची ताकद ३ पट होते आणि ताठपणा ९ पट.

आपल्या कड्या १० फूट लांब. त्या टोकांवर न टेकवता दोन्हीकडे एकेक फूट आत तुळई घेतली, तर मधला गाळा ८ फुटांचाच राहतो. या गाळ्याला चांगल्या सागाची २ × ६ इंची कडी पुरते. शिवाय तुळई भिंतीपासून फूटभर लांब राहिल्याने खड्डे खणताना घराच्या पायाला धक्का लागत नाही.

४) तुळया आणि खांब

दोन तुळया, प्रत्येक १२ फूट लांब, ४ × ६ इंची, उभ्या ठेवलेल्या. प्रत्येकीखाली तीन खांब : दोन टोकांना, एक मध्ये. गाळा ६ फूट.

चार टनांपैकी प्रत्येक तुळईवर दोन टन येतात. मग तीन खांबांवर सारखे वाटले जातात का? नाही. मधला खांब दोन्ही बाजूंचा निम्मा-निम्मा गाळा पेलतो, म्हणून त्याच्यावर सुमारे एक टन आणि टोकांवर अर्धा-अर्धा टन. तुळई अखंड असेल तर मधल्यावर १,२०० किलोपर्यंत भार जातो. म्हणून मधला खड्डा कधीही ‘चालतंय’ म्हणून उथळ ठेवू नका.

तुळई खांबाच्या डोक्यावर बसवा. नुसत्या बाजूने बोल्ट मारून टांगली तर सगळा भार त्या बोल्टांवर येतो.

५) उंचीची वजाबाकी

दारातून पाणी आत येऊ नये म्हणून डेक जोत्यापेक्षा २ इंच खाली ठेवू. म्हणजे ३४ इंच.

३४ − १ (पाट) − ६ (कडी) − ६ (तुळई) − ६ (जमिनीवर आलेला तळखडा) = १५ इंच खांब.

पण मागे उतार आहे. तिथे जमीन ९ इंच खाली असेल तर बाहेरचे खांब २४ इंचांचे. म्हणून खांब आधी कापून ठेवू नका. पाया झाला की पाण्याच्या नळीने लेव्हल काढा, मगच कापा.

६) पाया आणि काटकोन

मधल्या खांबाखाली दीड × दीड फुटाचा पाया धरला, तर १,२०० किलो भार सुमारे ०.२१ चौरस मीटरवर पसरतो. म्हणजे दर चौरस मीटरला सहा टनांच्या आत. घट्ट जांभा किंवा कडक मुरूम हे सहज पेलतो. भरावाची माती मात्र खचते. देशावर काळी माती असेल तर ती पावसात फुगते, उन्हात आकसते. तिथे मुरूम लागेपर्यंत खाली जा.

दोऱ्या लावताना पायथागोरस कामाला येतो. तुळयांच्या दोऱ्यांचा आयत १२ × ८ फूट. दोन्ही कर्ण १४ फूट ५ इंच भरले की कोपरे काटकोनात.

७) खरा शत्रू : साचलेलं पाणी

जून २०१५ मध्ये अमेरिकेतल्या बर्कली शहरात एका इमारतीची बाल्कनी कोसळून सहा तरुण गेले. आतल्या लाकडी कड्या पाणी मुरून कुजल्या होत्या. अशी कूज वरून सहज लक्षात येत नाही. आपल्या कोकणात तर पावसाळ्यात महिनोनमहिने लाकूड ओलं असतं. म्हणून :

- खांब मातीत किंवा काँक्रीटमध्ये गाडू नका. जुन्या घरात दगडी तळखडा याचसाठी असायचा. वाळवीही लवकर दिसते.
- पाटांमध्ये दोन सूत फट ठेवा.
- कापलेल्या टोकांमधून लाकूड सर्वांत जास्त पाणी पितं. प्रत्येक टोकाला लाकूड टिकवणारं द्रावण लावा.
- गॅल्व्हनाइज्ड किंवा स्टेनलेस स्टीलचे बोल्ट-स्क्रू वापरा. समुद्राजवळ साधा खिळा लवकर गंजतो.
- सांगाडा भिंतीला जोडू नका. जांभ्याच्या भिंतीत बोल्ट नीट पकडत नाही आणि त्या सांध्यात पाणी मुरतं. इंचभर फट ठेवून डेक स्वतःच्या खांबांवर उभा करा. तो हलू नये म्हणून दोन्ही दिशांना तिरके आधार द्या.
- खाली वाकून बघता येईल एवढी जागा मोकळी ठेवा. दर पावसाळ्यानंतर स्क्रू-ड्रायव्हरने तुळई-कड्या टोचून बघा. टोक सहज आत गेलं तर ते लाकूड बदला.

कठडा नुसता पाटांवर स्क्रूने बसवू नका, तो सांगाड्यालाच पक्का बांधा. आणि डेक माणसाच्या उंचीपेक्षा वर जात असेल, किंवा लाकडाच्या दर्जाची खात्री नसेल, तर इंजिनिअरकडून मापं तपासून घ्याच.

स्वाध्याय

१. डेक १६ × १० फुटांचा असेल तर १६ इंच अंतराने किती कड्या लागतील?
२. तुळईखाली तीनऐवजी दोनच खांब दिले तर गाळा किती होईल? तुळईवर काय परिणाम होईल?
३. जोतं २ फूट असेल तर भिंतीकडच्या खांबाची उंची काढा. उत्तर पाहून काय बदल कराल?

वही घ्या, आधी आकृती काढा आणि मग गणित करा. सुताराला बोलवायच्या आधी हा कागद तुमच्या हातात असू द्या.