घार व जेलीफिश: श्रेष्ठ कोण?

बाळकुम व कशेळी यांच्यामधील खाडीच्या कांठीं उभें राहून वर पाहिलें, तर बहुधा घार घिरट्या घालतांना दिसते. अंग तांबूस व डोकें पांढरें असेल, तर ती ब्राह्मणी घार. हीच खाडी समुद्राकडे जातां जातां अधिक खारट होते, आणि तिकडे भरतीबरोबर जेलीफिश येतो: छत्रीच्या आकाराचा, पारदर्शक, खालीं दोऱ्या लोंबत असलेला प्राणी. या दोहोंत श्रेष्ठ कोण, असें मुलांस विचारिलें म्हणजे सर्व एकमुखानें घारीचें नांव घेतात.

त्यांत नवल नाहीं. घारीचीं पुष्कळ हाडें पोकळ, म्हणून हलकीं. मनुष्याच्या प्रत्येक डोळ्यांत तीक्ष्ण दृष्टीचें स्थान एकच असतें. शिकारी पक्ष्यांच्या बहुतेक जातींत तीं दोन असतात. उंचावरून मासा हेरावा, पंजानें उचलावा, आणि उडतां उडतांच खावा, हें तिला साधतें.

उलट जेलीफिशाला मेंदू नाहीं, हृदय नाहीं, रक्त नाहीं, हाड नाहीं. त्याच्या शरीरांत शेंकडा सुमारें 95 भाग पाणीच. ज्या तोंडानें खातो, त्याच तोंडानें मळ टाकितो. प्राणवायु कातडींतूनच आंत झिरपतो.

परंतु साधा म्हणजे हलका, असें ठरवितांना जपावें. उंच बसलेल्यास मोठें म्हणण्याची आपल्या देशांतील संवय जुनी आहे, व तिचा ताप आपल्यापैकीं पुष्कळांनीं सोसला आहे. जेलीफिशाचा वंश 50 कोटी वर्षांपूर्वींहि समुद्रांत होता. आद्य पक्षी सुमारें 15 कोटी वर्षांपूर्वींचे. घाणीमुळें पाण्यांतील प्राणवायु घटला, तर मासे गुदमरतात व घारीचें अन्न जातें. जेलीफिशाच्या कित्येक जाती मात्र तग धरितात.

घारीचें नातलग जें गिधाड, त्याची गोष्ट तर फार दुःखाची आहे. गुरांस दिलेलें डायक्लोफिनॅक नांवाचें औषध मेलेल्या गुरांच्या मांसांतून गिधाडांच्या पोटांत गेलें, त्यांचीं मूत्रपिंडें निकामी झालीं, आणि 1990 नंतरच्या सुमारें 15 वर्षांत भारतांतील पांढऱ्या पाठीचीं गिधाडें शेंकडा 99 हून अधिक नाहींशीं झालीं. सरकारनें 2006 सालीं तें औषध गुरांसाठीं बंद केलें. जो इतरांच्या मांसावर जगतो, त्याच्या पोटांत इतरांचें विषहि जातें.

शिक्षकांनीं मुलांस किनाऱ्यावर नेऊन हे दोन्ही प्राणी दाखवावे. मात्र वाळूवर मरून पडलेला जेलीफिश कोणास हातीं धरूं देऊं नये. प्राण गेल्यावरहि त्याच्या दोऱ्यांतील दंशपेशी डंख मारितात.