आरोप झाला, आता वाहिनीने काय करायचे?

प्रश्न : एखाद्या नामवंतावर गैरवर्तनाचे आरोप झाले की परदेशी वाहिन्या त्याचा कार्यक्रम लगेच थांबवतात. गुन्हा सिद्ध होण्याआधीच ही शिक्षा नाही का? आणि थांबवला नाही, तर वाहिनी त्याला पाठीशी घालते असे लोक म्हणतात. मग वाहिनीने करायचे तरी काय?
(एक वाचक, सांगली)

उत्तर : कार्यक्रम दाखवायचा की नाही, हा निर्णय आपल्याला दिसतो म्हणून आपण त्यावर भांडतो. खरी जबाबदारी त्याच्या कितीतरी आधी सुरू होते. तक्रार कोणी ऐकली, पुढे कोणाला सांगितली आणि त्याने काय केले? बीबीसीचे उदाहरण घेऊ. या संस्थेने दोन्ही टोकांच्या चुका वर्षभराच्या आत करून दाखवल्या आहेत.

जिमी सॅव्हिल हा बीबीसीचा लाडका सूत्रसंचालक. ‘टॉप ऑफ द पॉप्स’ या गाण्यांच्या कार्यक्रमाचा १९६४ मधला पहिला भाग त्यानेच सादर केला, आणि मुलांच्या इच्छा पूर्ण करणारा त्याचा कार्यक्रम १९७५ पासून जवळजवळ वीस वर्षे चालला. ऑक्टोबर २०११ मध्ये तो वारला. त्याने अल्पवयीन मुलींवर केलेल्या अत्याचारांची माहिती बीबीसीच्याच ‘न्यूजनाइट’ या वृत्तकार्यक्रमाच्या पत्रकारांनी गोळा केली होती. ती बातमी डिसेंबरात गुंडाळली गेली आणि नाताळात त्याच बीबीसीवर सॅव्हिलला आदरांजली वाहणारे कार्यक्रम झाले. हे कार्यक्रम बीबीसीचे वरिष्ठ अधिकारी जॉर्ज एन्टविसल यांच्या अखत्यारीत होते. ‘न्यूजनाइट’ सॅव्हिलची चौकशी करत आहे, असे वृत्तविभागाच्या प्रमुखांनी त्यांना एका पुरस्कार समारंभातल्या जेवणाच्या वेळी सांगितले होते. चौकशी कसली, एवढेही त्यांनी विचारले नाही. वृत्तविभागाच्या कामात नाक खुपसायचे नाही, हे त्यांचे स्पष्टीकरण. मला ते पटत नाही. बातमीत ढवळाढवळ करू नये हे खरे, पण आपल्याच घरातल्या माणसाबद्दल काय ऐकू येते आहे, हे विचारायला कोणता संपादकीय नियम आड येतो?

अखेर ऑक्टोबर २०१२ मध्ये ही बातमी प्रतिस्पर्धी आयटीव्हीने दिली. या प्रकरणाची चौकशी करणाऱ्या डेम जॅनेट स्मिथ यांच्या २०१६ च्या अहवालात, बीबीसीशी संबंधित कामाच्या ओघात सॅव्हिलने छळलेल्यांची संख्या ७२ निघाली. खालच्या फळीतल्या काही जणांना कुणकुण होती. पण पडद्यावरच्या बड्या माणसाविरुद्ध बोललो तर आपलीच नोकरी जाईल, ही त्यांची धास्ती होती.

मग आरोप कानावर आला की तडक पडद्यावर आणायचा का? तेही झाले. २ नोव्हेंबर २०१२ रोजी ‘न्यूजनाइट’ने वेल्समधल्या एका बालगृहातल्या अत्याचारांत थॅचर काळातल्या एका बड्या नेत्याचा हात असल्याचे सूचित केले. नाव घेतले नाही. ते इंटरनेटवर फिरलेच. लॉर्ड मॅकअल्पाइन. आठवडाभरात पीडित व्यक्तीनेच सांगितले की तो हा माणूस नव्हे. त्या पीडिताला आधी छायाचित्र दाखवले नव्हते, मॅकअल्पाइन यांचे म्हणणेही विचारले नव्हते. ही तर पत्रकारितेची बाराखडी! बीबीसीने १ लाख ८५ हजार पौंड भरपाई दिली आणि एव्हाना महासंचालक झालेल्या एन्टविसल यांनी अवघ्या ५४ दिवसांत राजीनामा दिला. पुढे २०१४ मध्ये लखनौत जन्मलेले गायक क्लिफ रिचर्ड यांच्या घरावर एका आरोपावरून पोलीस गेले, तेव्हा बीबीसीने आकाशातून हेलिकॉप्टरने ती झडती दाखवली. त्यांना ना अटक झाली, ना आरोपपत्र. २०१८ मध्ये न्यायालयाने खासगीपणाच्या भंगाबद्दल २ लाख १० हजार पौंड द्यायला लावले.

गोम अशी की वाहिनी एकाच वेळी दोन भूमिकांत असते. ती काम देणारी संस्था असते आणि बातमी देणारीही. काम देणारी म्हणून तिला साधी तक्रारही ताबडतोब ऐकावी लागते, लिहून घ्यावी लागते, बाहेरच्या माणसाकडून तपासून घ्यावी लागते. बातमी देणारी म्हणून तिने दहा वेळा पडताळावे. बीबीसीने दोन्ही ठिकाणी नेमके उलटे केले.

तुमच्या ‘शिक्षे’च्या मुद्द्याबद्दल : आपल्याकडे सरकारी नोकर चौकशीपुरता निलंबित होतो, त्याला निर्वाह भत्ता मिळतो आणि नियमानुसार ती शिक्षा मानली जात नाही. पडद्यावरून तात्पुरते बाजूला करणे हे तसेच असावे. अर्थात पगार चालू ठेवण्यालाही धार आहे. वृत्तनिवेदक ह्यू एडवर्ड्स यांना नोव्हेंबर २०२३ मध्ये अटक झाली, ती बीबीसीला कळली होती, तरी एप्रिल २०२४ च्या राजीनाम्यापर्यंत पगार सुरू राहिला. जुलैत त्यांनी बालकांच्या अश्लील प्रतिमांचा गुन्हा कबूल केला. मग बीबीसीने सुमारे २ लाख पौंड परत मागितले.

हे सगळे परदेशातले म्हणून सोडून देऊ नका. आपल्याकडे २०१३ चा कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा आहे. दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती हवी आणि चौकशी ९० दिवसांत संपायला हवी. कंत्राटी आणि रोजंदारी माणसेही त्यात येतात. मालिका वाहिनीची असते, पण सेट असतो निर्मिती संस्थेचा. त्यामुळे मेकअप करणाऱ्या किंवा स्पॉटवर काम करणाऱ्या मुलीने जायचे कोणाकडे, हे तिला पहिल्याच दिवशी कळले पाहिजे. याच कायद्याच्या सोळाव्या कलमानुसार तक्रारदार आणि ज्याच्यावर आरोप आहे तो, या दोघांचीही ओळख प्रसिद्ध करता येत नाही. रात्रीच्या चर्चांना हे कोणीतरी सांगायला हवे.

प्रश्न : आधीच चित्रित झालेला कार्यक्रम दाखवावा का?
(एक वाचक, ठाणे)

उत्तर : त्यात आणखी कोण आहे ते पाहून. ‘मास्टरशेफ’ या पाककला स्पर्धेचे सूत्रसंचालक ग्रेग वॉलेस यांच्यावरच्या ८३ आरोपांपैकी ४५ चौकशीत ग्राह्य ठरले, अहवाल जुलै २०२५ मध्ये आला. तरी आधी चित्रित झालेला हंगाम ऑगस्टमध्ये काटछाट करून दाखवला गेला, कारण त्यात हौशी स्पर्धकांनी महिनोन्‌महिने घाम गाळला होता. एका स्पर्धक महिलेला मात्र तो दाखवणेच मान्य नव्हते. तिच्या सांगण्यावरून तिचे चित्रण वगळले गेले. तिला विचारले जाणे आणि तिच्या नकाराला मान मिळणे, एवढे तरी झालेच पाहिजे. सॅव्हिलने सादर केलेले ‘टॉप ऑफ द पॉप्स’चे भाग बीबीसी पुन्हा दाखवत नाही, तिथे मला काही अडचण वाटत नाही.