टाकीच्या झाकणाची किल्ली हरवली, तर?

प्रश्न : जुनी मोटरसायकल घेतली. इग्निशनचं कुलूप आधीच्या मालकानं बदललेलं आहे, टाकीच्या झाकणाची किल्ली मात्र सापडत नाही. झाकण ड्रिलनं फोडू का? – एक वाचक, होसकोटे

उत्तर : ड्रिल अजिबात लावू नका. पेट्रोलची वाफ उणे 40 अंशांच्या आसपासही पेट घेऊ शकते आणि ती हवेपेक्षा जड असल्यानं जमिनीलगत साचते. ड्रिलची एक ठिणगी पुरते. शिवाय धातूचा कीस टाकीत पडला, तर पुढे इंधनाच्या नळीत अडकतो. झाकणाच्या कडेचे स्क्रूही उघडत बसू नका. त्यांतले काही निव्वळ शोभेचे असतात, आणि झाकण धरून ठेवणारे बरेचदा झाकण उघडल्यावरच निघतात.

आधी जुन्या मालकाला फोन करा. नव्या गाडीच्या किल्ल्यांबरोबर अनेकदा क्रमांकाची छोटी पट्टी येते. ती मिळाली, तर आरसी आणि ओळखपत्र घेऊन कंपनीच्या सर्व्हिस सेंटरवर त्या क्रमांकावरून किल्ली मिळते का, विचारा.

नाही मिळाली, तर चावीवाला गाठा. कोऱ्या पट्टीवर कुलपातल्या खुणा उमटवून, कानशीनं घासत तो किल्ली तयार करतो. काहीही फोडावं लागत नाही. काम उघड्यावर करून घ्या, इंजिन थंड असू द्या, जवळ विडी-सिगारेट नको. कुलूप जड चालत असेल, तर आत ग्राफाइटची पूड सोडायला सांगा.

किल्ली झाली तरी मी पूर्ण लॉकसेट बदलेन. जुनी किल्ली कोणाकडे असेल, सांगता येत नाही.