‘बरं आहे’ला किती गुण?

मी संख्याशास्त्राची विद्यार्थिनी. वाङ्मय मंडळाच्या अंकात माझं काय काम, असं वाटेल. पण माणसाचं जगणं कसं चाललंय हे विचारणारी प्रश्नावली तपासताना आकड्यांइतकीच भाषा लागते, हे मला घरीच कळलं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या जीवनमानाच्या छोट्या प्रश्नावलीत 26 प्रश्न आहेत. शरीर, मन, नातेसंबंध आणि परिसर असे चार विभाग, प्रत्येक उत्तराला 1 ते 5 गुण. सरावासाठी मी आज्जीला विचारलं. झोप? “बरी आहे.” अंगात ताकद? “बरी आहे की.” मी सगळीकडे 3 लिहिले. गुडघ्यामुळे ती सहा महिने जिना उतरलेली नव्हती!

आता तपासणी. पहिली विश्वसनीयता. एका विभागातले प्रश्न एकमेकांशी जुळतात का, हे क्रॉनबॅक यांच्या 1951 मधल्या ‘अल्फा’वरून कळतं. 0.70 च्या वर आला तर सहसा चालतो. पण गंमत बघा. कुणी सरसकट 3, कुणी सरसकट 4 देत गेलं, तर अल्फा उलट वाढतो! म्हणून काही प्रश्न उलटे असतात, जसा वेदनेचा. त्याचे गुण 6 मधून वजा करायचे. सरसकट 4 वाला इथं 2 वर येतो आणि सापडतो. आज्जी मात्र सुटते. 6 वजा 3 म्हणजे परत 3.

प्रकृती तीच असताना काही दिवसांनी पुन्हा विचारलं, तर गुण जवळपास तेच यायला हवेत. हीसुद्धा विश्वसनीयताच.

दुसरी सप्रमाणता, म्हणजे जे मोजायचं तेच मोजलं जातंय का. आजारी आणि निरोगी गटांच्या गुणांत फरक दिसायला हवा. इथं भाषा आडवी येते. ‘एसएफ-36’ या अमेरिकन प्रश्नावलीत मध्यम श्रमाच्या कामांत टेबल हलवण्याबरोबर गोल्फ खेळणंही आहे. शब्दशः भाषांतर केलं तर आज्जी काय सांगणार? म्हणून भाषांतर दुसऱ्याकडून परत मूळ भाषेत करवून ताडून बघतात, आणि लोकांना ‘यातून काय समजलात?’ असंही विचारतात.

शेवटी कागद बाजूला ठेवून मी विचारलं, “आज्जी, जिना उतरून बाजारात जाता येतं का गं?” ती जरा गप्प बसली. मग म्हणाली, “नाही गं बाळा.”

‘बरं आहे’ म्हणजे 3, हे तिनं नव्हे, मी ठरवलं होतं. तेव्हा अशी प्रश्नावली हाती आली तर आधी घरच्या एखाद्या माणसाला वाचून दाखवा. अल्फा नंतर काढू.